गिरण्या गेल्या, ऑफिसं आली, पण पूल तोच राहिला : परळ-प्रभादेवी स्टेशनची गोष्ट

मुंबईच्या लोकलचा नकाशा बघितला तर परळ आणि प्रभादेवी ही दोन स्टेशनं वाटतात. एक मध्य रेल्वेचं, दुसरं पश्चिम रेल्वेचं. प्रत्यक्षात मात्र दोघांच्या मध्ये फक्त रूळ आहेत. मध्येवरून वेस्टर्नला जायचंय आणि दादरच्या गर्दीत घुसायचं नाही, अशी माणसं इथंच उतरतात आणि पादचारी पुलावरून पलीकडं जातात.

प्रभादेवीचं जुनं नाव एल्फिन्स्टन रोड. हे नाव लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्यावरून पडलं. ते 1853 ते 1860 मुंबईचे गव्हर्नर होते. एल्फिन्स्टन कॉलेजवाले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन वेगळे, अनेकांची इथं गल्लत होते.

आता मुद्द्याचं. हा सगळा भाग म्हणजे गिरणगाव. गिरणी कामगार बहुतेक जवळच्याच चाळींत राहायचा. भोंगा झाला की चालत पाळीवर जायचा. म्हणजे एवढी मोठी कामगारवस्ती असूनही गर्दीचा सगळा भार स्टेशनवर येत नव्हता.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढं एकेक गिरणी बंद पडत गेली. त्या जमिनींवर टॉवर, मॉल आणि काचेची ऑफिसं आली. पण इथं काम करणारा माणूस इथं राहणारा राहिला नाही. तो डोंबिवली, कल्याण, विरार, बोरिवलीहून यायला लागला आणि तोही सकाळच्या त्याच दोन-तीन तासांत. त्यात पूर्वेला केईएम, टाटा आणि वाडिया ही हॉस्पिटलं. राज्यभरातून येणारे पेशंट आणि त्यांचे नातेवाईकही याच स्टेशनवर उतरणार.

जमिनीचा वापर बदलला, इमारतींना परवानग्या मिळाल्या, पण जिने मात्र जुन्याच मापाचे राहिले. कारण इमारतीला परवानगी देणारी यंत्रणा वेगळी आणि पूल बांधणारी वेगळी. त्यात इथं रेल्वेही एक नाही, दोन.

गर्दीचं गणित समजून घ्या. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसं उभी असतात. ही सगळी माणसं एका मिनिटात प्लॅटफॉर्मवर उतरतात आणि जिन्याकडं निघतात. पुढची गाडी तीन-चार मिनिटांत येते. तोवर जिना मोकळा झाला नाही, तर नवी गर्दी जुन्या गर्दीच्या पाठीवर येते. त्यात जिन्याच्या तोंडाशी कुणी थांबलं की संपलं.

29 सप्टेंबर 2017 ला नेमकं हेच झालं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला जोराचा पाऊस आला. उतरलेले लोक पावसामुळं जिन्यावरच थांबले आणि मागून गाड्या येतच राहिल्या. चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. ‘फूल पडलं’ हे कुणीतरी ‘पूल पडला’ असं ऐकलं, अशीही बातमी तेव्हा छापून आली होती.

चीड येते ती पुढच्या गोष्टीची. खासदार अरविंद सावंत यांनी नव्या पुलाची मागणी आधीच केली होती. फेब्रुवारी 2016 मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी उत्तरात निधीची अडचण सांगितली होती. पुढं नवा रुंद पूल मंजूर झाला, पण दुर्घटनेच्या दिवशी तो कागदावरच होता.

यामागं रेल्वेच्या हिशेबाची एक पद्धत होती. पादचारी पूल हा तोवर ‘प्रवासी सुविधा’ या खात्यात धरला जायचा. म्हणजे बाकडी, पंखे आणि पाणपोईच्या रांगेत. सिग्नल किंवा रुळांसारखी ती ‘सुरक्षेची’ बाब नव्हती, त्यामुळं पैसे वाटताना पूल मागं पडायचा. दुर्घटनेनंतर दुसऱ्याच दिवशी रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी हे वर्गीकरण बदलून पूल अत्यावश्यक ठरवल्याचं जाहीर केलं. माझ्या मते परळच्या सगळ्या कथेत सगळ्यात मोठा बदल हाच. बातम्यांत मात्र लष्कराचा पूलच गाजला.

तर लष्कराचा पूल. 31 ऑक्टोबर 2017 ला एल्फिन्स्टन, करी रोड आणि आंबिवली इथले पूल लष्कर बांधणार असं जाहीर झालं. सीमेवर बांधतात तसे बेली ब्रिज. सैनिकांनी रेल्वेचं काम का करावं, यावर बराच वाद झाला, पण फेब्रुवारी 2018 च्या शेवटी पूल खुले झाले. चार महिन्यांत. मग त्याआधीची वर्षं कशात गेली, हा प्रश्न लोकांनी विचारलाच.

जुलै 2018 मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. मार्च 2019 मध्ये परळ टर्मिनस सुरू झालं आणि काही लोकल थेट परळहून सुटायला लागल्या. याचा फायदा साधा आहे. आधी परळकराला सीएसएमटीहून किंवा भायखळ्याहून भरून आलेल्या गाडीत चढावं लागायचं, परळ लोकल मात्र रिकामी मिळते.

आणि आता जागेचं नवं कोडं. स्टेशनशेजारचा 1913 चा एल्फिन्स्टनचा रस्त्याचा पूल सप्टेंबर 2025 मध्ये वाहतुकीसाठी बंद झाला. तिथं दुमजली पूल येणार आहे. वरून शिवडी-वरळी कनेक्टरच्या गाड्या अटल सेतूकडं जातील आणि खालून परळ-प्रभादेवीची वाहतूक. तोवर दादरकडून टिळक पूल किंवा करी रोडकडून वळसा. पायी जाणाऱ्यांना मात्र रूळ ओलांडायला स्टेशनांचे पादचारी पूलच उरलेत, म्हणजे ट्रेनने न जाणारी माणसंही आता त्याच जिन्यांवर आहेत.