आकृतीतलं '#' आणि जावातलं 'प्रोटेक्टेड'

'यूएमएल कुठल्याच प्रोग्रामिंग भाषेला बांधलेली नाही, म्हणजे एकदा काढलेली आकृती जावात चालते तशी सी प्लस प्लसमध्येही चालते,' अशी अनेकांची समजूत असते. यातला पहिला भाग खरा आहे. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन यांच्या पद्धती एकत्र येऊन सॉफ्टवेअरची रचना आकृत्यांत मांडणारी ही भाषा घडली, १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपनं ती मानक म्हणून स्वीकारली, आणि ती तटस्थच ठेवली गेली. घोळ होतो तो 'म्हणजे'च्या पुढे.

क्लासच्या चौकटीत नावाआधीचं '#' घ्या. तो घटक 'प्रोटेक्टेड', म्हणजे यूएमएलच्या लेखी त्या क्लासला आणि त्याच्या वारसांना दिसणारा. सी प्लस प्लसमध्येही साधारण तसंच. जावात मात्र त्याच पॅकेजमधल्या, वारसाहक्काचा काडीचा संबंध नसलेल्या क्लासनाही तो खुला असतो. किल्ली घरच्यांसाठी केलेली, पण आख्ख्या वाड्याकडे!

एक घटक दुसऱ्याचाच भाग आहे हे दाखवणाऱ्या काळ्या हिऱ्याचंही असंच. बिल आणि त्यातल्या नोंदी या चिन्हानं जोडल्या, तर बिलाबरोबर नोंदीही संपायला हव्यात. सी प्लस प्लसमध्ये नोंद थेट बिलाच्या ऑब्जेक्टमध्येच ठेवता येते. जावात हाती असतो फक्त रेफरन्स. दुसऱ्या एखाद्या चालू यादीनं नोंद धरून ठेवली, तर गार्बेज कलेक्टर तिला हात लावत नाही. तो हिरा प्रोग्रामरनंच सांभाळायचा.

नात्याच्या टोकाला '०..*', म्हणजे शून्य ते कितीही, दिसलं की हात सवयीनं जावातल्या क्रम राखणाऱ्या 'ॲरेलिस्ट'कडे जातो. यूएमएल वेगळं काही सांगत नसेल तर त्या टोकाला क्रम नसतो आणि पुनरावृत्तीही चालत नाही. जावात याला जवळचा 'सेट'.

मग जावासाठी यूएमएलच बदलायची का? हाही गैरसमज. त्यासाठी 'प्रोफाइल' असतं: स्टिरिओटाइप म्हणजे घटकांना लावायच्या खास खुणा, त्यांना जोडलेली जादा माहिती आणि निर्बंध. पण प्रोफाइल नियम आवळू शकतं, सैल करू शकत नाही. यूएमएलमध्ये एका क्लासला अनेक पालक चालतात, जावात एकच; हा निर्बंध प्रोफाइलमध्ये चपखल बसतो. '#'चा अर्थ जावाइतका ढिला करायला मात्र त्यात जागा नाही. तिथे टीमला वेगळा स्टिरिओटाइप तरी ठरवावा लागतो, नाहीतर आकृतीशेजारी कोपरा दुमडलेल्या चौकटीत सरळ टीप लिहावी लागते.