भाडेकरूची तक्रार आणि श्रावकाची व्यवहारशुद्धी

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडतो आणि पेढीवर बसलेल्या घरमालकाला वरच्या मजल्यावरील भाडेकरूचा दूरध्वनी येतो, ‘शेठ, भिंतीला पुन्हा ओल आली.’ त्याच वेळी समोर एक ग्राहक आदल्या दिवशी नेलेले, डाग निघालेले कापड घेऊन उभा असतो. ग्राहकाचे कापड तत्काळ बदलून मिळते. भाडेकरूला मात्र ‘कारागीर मिळाला की पाठवतो’ एवढेच उत्तर मिळते. दिवाळीपर्यंत ओल सुकते, तक्रारही विसरली जाते. पुढच्या मृगात ती परत येते तेव्हा भाडे थांबते, नोटीस येते आणि अनेक वर्षांचा संबंध न्यायालयाच्या पायरीवर जातो.

आपल्या समाजातील अनेक व्यापारी घराण्यांची बचत गाळे, वाडे आणि सदनिका यांत गुंतलेली आहे. ज्या दक्षतेने दुकान चालते, तीच दक्षता भाड्याच्या घराच्या वाट्याला येत नाही. वस्तुतः भाडेकरू हा दर महिन्याला मोल देणारा ग्राहकच होय. त्याची रास्त तक्रार हा मालकाचा अपमान नसून मालकाच्या नावे पडलेले देणे आहे.

तक्रारीची वही

देणे म्हटले की नोंद आलीच. रोजमेळाप्रमाणे तक्रारींचीही एक वही असावी. तक्रार कोणत्या दिवशी आली, पाहणी केव्हा झाली, खर्च किती आला आणि काम केव्हा पूर्ण झाले, एवढे चार रकाने पुरेसे आहेत. विजेचा धक्का बसणे, पाणी बंद होणे किंवा मैलापाणी तुंबणे यांवर त्याच दिवशी हालचाल हवी. रंगकामासारख्या गोष्टी थांबू शकतात. परंतु त्यांनाही निश्चित तारीख द्यावी. काम आठ दिवसांनी होणार असले तरी उत्तर त्याच दिवशी मिळाले, तर निम्मा रोष तेथेच शमतो.

ओल आणि गळती

ओलीवर आतून रंग मारणे म्हणजे दोष झाकणे होय. पाणी गच्चीवरून येते, बाहेरील भिंतीच्या भेगेतून येते की वरच्या मोरीतून, हे प्रथम शोधावे. गच्चीची आणि गिलाव्याची दुरुस्ती चैत्र-वैशाखात, भिंती कोरड्या असताना करावी. तेव्हा काम टिकते आणि चातुर्मासातील जीवविराधनाही टळते.

कायद्याची अपेक्षाही स्पष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, विरुद्ध करार नसेल तर जागा राहण्यायोग्य सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. एका वर्षातील ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक असू शकत नाही.

पाणी आणि वीज

भाडे थकले म्हणून नळ बंद करण्याचा मोह काही मालकांना होतो. कलम २९ नुसार पुरेशा कारणावाचून अत्यावश्यक सेवा तोडणे हा गुन्हा आहे. श्रावकासाठी त्याहून मोठा बंध व्रताचा आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रिताचे अन्नपाणी अडवणे, हा एक आहे. थकबाकी न्यायालयामार्फत मागावी. लहान मुले आणि वृद्ध राहतात त्या घराचे पाणी तोडून नव्हे.

सबमीटरवरून प्रत्यक्ष दरापेक्षा अधिक आकारणी करणे हे खोट्या मापासारखेच आहे. हीनाधिकमानोन्मान हा अचौर्यव्रताचा अतिचार तराजूइतकाच मीटरलाही लागू होतो. मूळ बिलाची प्रत दाखवावी, म्हणजे संशयच उरत नाही.

झुरळे, डास आणि जयणा

कीटकनाशक फवारणीची मागणी आली की जैन मालक पेचात पडतो. नकार देऊन स्वस्थ बसणे हा त्यावरील मार्ग नव्हे. जीवोत्पत्तीच होऊ नये यासाठी गळके नळ दुरुस्त करावेत, भिंतींच्या भेगा बुजवाव्यात, मोरीला बारीक जाळी आणि टाकीला घट्ट झाकण बसवावे, साचलेले पाणी काढावे. हा खर्च मालकाने स्वतः उचलला, तरच त्याच्या अहिंसेच्या आग्रहाला भाडेकरूच्या दृष्टीने अर्थ उरतो.

अनामत

सर्वाधिक कटुता जागा सोडताना, अनामत रकमेवरून निर्माण होते. सत्याणुव्रताच्या अतिचारांत न्यासापहार आहे. ठेवणाराच आपल्या ठेवीचा आकडा विसरून कमी मागू लागला आणि ठेव सांभाळणाऱ्याने ‘तेवढीच होती’ असे मान्य केले, तरी तो दोष मानला आहे. मग ‘रंग खराब झाला’ म्हणून मनाला येईल ती रक्कम कापणे कोणत्या सदरात बसेल?

जागा देतानाच भिंती, नळ, दारे आणि पंखे यांची यादी करून उभयतांनी सही करावी; छायाचित्रे काढावीत. वापराने होणारी झीज मालकाची, मोडतोड भाडेकरूची. प्रत्येक वजावटीसोबत पावती द्यावी. करार लेखी आणि नोंदणीकृत असावा. कलम ५५ ने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. करार नोंदणीकृत नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. भाड्याची पावती देणेही बंधनकारक आहे.

मालकाचीही बाजू

प्रत्येक तक्रार रास्त नसते. दोन भाडेकरूंच्या भांडणात अनेकान्तदृष्टी ठेवून दोघांचे स्वतंत्रपणे ऐकावे, आवाजाची तक्रार असेल तर त्याच वेळी जाऊन पाहावे. पूर्वसूचना देऊन योग्य वेळी जागेची पाहणी करण्याचा अधिकार मालकाला आहे. मागणी अवाजवी असेल तर कारणे देऊन, सौम्य शब्दांत, लेखी नकार द्यावा. मौन बाळगण्यापेक्षा असा नकार अधिक प्रामाणिक ठरतो.

जुन्या पागडीच्या इमारतींचे दुखणे खरे आहे. तेथे वर्षाच्या भाड्यातून एक गच्चीही दुरुस्त होत नाही आणि कायद्याने भाडेवाढ वर्षाला चार टक्केच मिळते. अशा ठिकाणी सर्व भाडेकरूंना बोलावून जमाखर्चाची वही त्यांच्यापुढे उघडी ठेवावी आणि खर्चाच्या वाटणीची विनंती करावी. स्वतःचा वाटा आधी मांडणाऱ्या मालकाला इतरांकडे मागताना संकोच वाटत नाही.

पर्युषणात क्षमायाचना करताना आप्त, मित्र आणि व्यापारी बंधू आठवतात. त्या यादीत आपल्याच छपराखाली राहणारे कुटुंबही असावे, आणि त्याच्या दारी हात जोडण्यापूर्वी भिंतीची ओल दुरुस्त झालेली असावी.