ज्वलनदोष, डीझेल एंजिनातील
बहुसिलिंडरी एंजिनाच्या एखाद्या सिलिंडरात इंधन मुळीच न जळणे अथवा ते अपुरे वा अवेळी जळणे, यास ज्वलनदोष म्हणतात. कारागिरांच्या बोलण्यात यालाच ‘मिसिंग’ असे नाव आहे. मालमोटारी, बसगाड्या, मातीकामाची यंत्रे व विद्युत् जनित्रे यांच्या अवजड एंजिनांत या दोषाचे वेळीच निदान होणे महत्त्वाचे असते.

डीझेल एंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा मूळ घनफळाच्या सु. १/१५ ते १/१८ इतकी दाबली गेल्याने तिचे तापमान ५००° से.च्या वर जाते व तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते [→ डीझेल एंजिन]. त्यामुळे दोषाच्या कारणांचे दोन मुख्य गट पडतात : (१) इंधन योग्य प्रमाणात, योग्य वेळी व सूक्ष्म फवाऱ्याच्या रूपात न मिळणे, (२) हवेचे संपीडन अपुरे होणे. प्रथम दोषी सिलिंडर ओळखणे व नंतर कारण कोणत्या गटातील आहे हे ठरविणे, हाच निदानाचा क्रम होय.

लक्षणे : चार धावांच्या सहा सिलिंडरी एंजिनात क्रँकशाफ्टच्या दर १२०° फिरण्यामागे एक ज्वलन होते. एक सिलिंडर निकामी झाल्यास ही लय ठराविक अंतराने खंडित होते, निर्भार गतीस कंप जाणवतो व शक्ती घटते. पांढरा धूर बहुधा न जळलेल्या इंधनाचा, काळा धूर अपुऱ्या ज्वलनाचा व निळसर धूर वंगण तेल जळत असल्याचा निदर्शक असतो. पांढऱ्या धुराबरोबर शीतक द्रवही घटत असल्यास सिलिंडर शीर्षाचे गॅस्केट फुटल्याची शंका येते. सर्वच सिलिंडरांची लय अनियमित असल्यास तुंबलेला गाळणा, इंधनात शिरलेली हवा यांसारखी सामाईक कारणे आधी तपासतात.

दोषी सिलिंडर ओळखणे : एकेका सिलिंडराचे इंधन क्रमाने बंद करतात. चालू सिलिंडर बंद होताच एंजिनाची गती घटते व आवाज बदलतो. दोषी सिलिंडर बंद केल्याने फरक पडत नाही. यांत्रिक पंपाच्या जुन्या एंजिनांत यासाठी अंतःक्षेपकाच्या नळीचा नट सैल करीत. कॉमन रेल पद्धतीत इंधनाचा दाब १,००० बारहून अधिक असू शकतो व त्याची चिळकांडी त्वचा भेदून शरीरात शिरते. म्हणून तेथे ही कृती वर्ज्य असून इलेक्ट्रॉनिक निदान उपकरणाने सिलिंडर बंद करतात. थंड एंजिन नुकतेच सुरू केले असता दोषी सिलिंडराची निष्कास नळी इतरांपेक्षा कमी तापते, हाही उपयुक्त पुरावा होय.

कारणाचा गट ठरविणे : दाबमापकाने सर्व सिलिंडरांचे संपीडन मोजून तुलना करतात. एकाचेच कमी भरल्यास दट्ट्या संपीडन धावेच्या माथ्यावर आणून सिलिंडरात दाबाखालील हवा सोडतात. हवेचा फूत्कार आदान मार्गात ऐकू आल्यास आदान झडप, निष्कास मार्गात आल्यास निष्कास झडप व तेल भरण्याच्या तोंडाशी आल्यास दट्ट्याची कडी वा सिलिंडराची भिंत सदोष समजतात; रेडिएटरात बुडबुडे आल्यास गॅस्केट किंवा सिलिंडर शीर्ष सदोष असते. झडपांची फट चुकल्यानेही संपीडन घटते, म्हणून ती आधी तपासतात.

संपीडन समाधानकारक असल्यास संशयित अंतःक्षेपक शेजारच्या सिलिंडरात बसवून पाहतात. अनेक इलेक्ट्रॉनिक एंजिनांत त्याबरोबर त्याचा अंशांकन संकेतांकही नियंत्रकात बदलावा लागतो. दोष अंतःक्षेपकाबरोबर सरकल्यास अंतःक्षेपक सदोष. जागीच राहिल्यास विद्युत् तारा, इंधन नळी किंवा झिजलेला कॅम यांचा शोध घेतात. ही चाचणी न करता अंतःक्षेपक बदलल्यास खर्च होऊनही दोष कायम राहण्याचा संभव असतो.

परिणाम : दोष दुर्लक्षित राहिल्यास न जळलेले इंधन सिलिंडराच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन तळपात्रात उतरते. वंगण पातळ होऊन धारवे झिजतात. गळक्या अंतःक्षेपकामुळे दट्ट्याचा माथा वितळून त्यास भोकही पडू शकते. अशा वेळी एका सिलिंडरापुरती असलेली दुरुस्ती संपूर्ण एंजिनाच्या पुनर्बांधणीपर्यंत जाते.