जिभेला मुंग्या आल्या तर लगेच सांगा

हाताचे हाड मोडले की पट्टी बसवण्यासाठी दर वेळी पूर्ण भूल द्यावी लागत नाही. भूलतज्ज्ञ मानेजवळ किंवा काखेत, मज्जातंतूंच्या भोवती इंजेक्शन देतात आणि तेवढा हात बधिर होतो. यालाच ‘नर्व्ह ब्लॉक’ म्हणतात. पद्धत सुरक्षित आहे. पण तिच्यातला एक धोका आपल्याला माहीत असावा.

मज्जातंतूंच्या शेजारूनच रक्तवाहिन्या जातात. औषध चुकून त्यांत गेले किंवा प्रमाणाबाहेर रक्तात शोषले गेले, तर ते मेंदू आणि हृदयावर परिणाम करते. म्हणून वजनाचा हिशेब हवा. बुपिव्हाकेन हे औषध साधारणपणे किलोमागे २ मिलिग्रॅमपर्यंत देतात. ५० किलोच्या माणसाला १०० मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ टक्क्याचे २० मिलिलिटर झाले. तेही एकदम नाही. थोडे थोडे, दर वेळी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना, हे पाहत. सोनोग्राफीमुळे हा धोका कमी झाला, पण संपलेला नाही.

पहिली सूचना बहुधा रुग्णालाच मिळते. जीभ, ओठ बधिर होतात, तोंडात धातूसारखी चव येते, कानात आवाज येतो, चक्कर येते. पुढे झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडते. काही वेळा मात्र कोणतीही सूचना न देता थेट झटकेच येतात. त्रास कधी लगेच, तर कधी अर्ध्या तासानेही सुरू होतो.

पूर्वी बुपिव्हाकेनमुळे थांबलेले हृदय पुन्हा चालू करणे फार कठीण जाई. १९९८ मध्ये शिकागोच्या डॉ. गाय वाइनबर्ग यांनी उंदरांवरील प्रयोगांतून मार्ग दाखवला. जेवू न शकणाऱ्या रुग्णांना शिरेतून देतात ते दुधासारखे पांढरे मेदद्रावण इथे उपयोगी पडते. ते हृदयातले औषध ओढून घेऊन दूर नेते. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णाचा जीव या उपायाने वाचल्याचे प्रसिद्ध झाले. आज २० टक्के मेदद्रावण हा मान्य उपचार आहे. जिथे ब्लॉक दिला जातो, तिथे ते हाताशी असलेच पाहिजे.

आपले काम सोपे आहे. वजन, हृदयविकार, यकृताचा आजार, चालू गोळ्या आधीच सांगा. आणि टेबलावर काही वेगळे वाटले, तर ‘डॉक्टरांना कशाला त्रास’ म्हणून गप्प बसू नका. ते तुमच्या याच शब्दाची वाट पाहत असतात.