उघडिपीचे गणित मांडणाऱ्या सुलोचनाबाई

मृग बरसला की वापसा बघून तिफण जोडायची, ही आपली जुनी रीत. पण पेरणी झाली, कोंब वर आले आणि वीस-वीस दिवस आभाळ कोरडे राहिले तर काय होते, हे भूम-परंड्याच्या, वाशी-कळंबच्या घराघरांत ठाऊक आहे. बियाणे गेले, खत गेले, आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा कुणाच्या तरी दारात उभे राहायचे. ही उघडीप का पडते, ह्या प्रश्नाचा पाठपुरावा एका मराठी बाईंनी आयुष्यभर केला. त्या म्हणजे डॉ. सुलोचना गाडगीळ. जुलै २०२५ मध्ये वयाच्या ८१व्या वर्षी त्या वारल्या. घरात शिकणाऱ्या मुली असतील तर त्यांना हा लेख जरूर वाचायला द्यावा.

सुलोचनाबाईंचा जन्म १९४४ सालचा, पुण्यातला. सुरुवातीचे शिक्षण मराठीतूनच झाले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात शिकून, गणिताचा हात धरून त्या अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेल्या आणि १९७० मध्ये डॉक्टरेट घेतली. नंतर त्यांनी ज्यूल चार्नी यांच्याबरोबर काम केले. हवेच्या हालचालीची समीकरणे संगणकाकडून सोडवून घेऊन हवामान आधी सांगता येते, हे १९५० साली करून दाखवणाऱ्यांत हे चार्नी प्रमुख होते. तिकडेच राहणे अवघड नव्हते. पण १९७१ मध्ये त्या पती माधव गाडगीळ यांच्यासह मायदेशी परतल्या. आधी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत आणि १९७३ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करू लागल्या. मधले साल होते १९७२. त्या दुष्काळाबद्दल आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

पुण्याचे शास्त्रज्ञ डी. आर. सिक्का आणि सुलोचनाबाई यांनी उपग्रहाने टिपलेली ढगांची रोजची चित्रे तपासली. १९८० मध्ये त्यांनी दाखवून दिले, की विषुववृत्ताजवळ हिंदी महासागरावर ढगांचा पट्टा तयार होतो आणि तो उत्तरेकडे सरकत आपल्या देशावर येतो. दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने असे पट्टे येत राहतात. जमिनीवरचा पट्टा विरला आणि पुढचा अजून पोहोचला नाही, की आपण आभाळाकडे बघत बसतो.

शाळेत आपण शिकलो, की जमीन तापते म्हणून समुद्रावरून वारे येतात आणि पाऊस पडतो. बाईंना हे पटत नसे. जमीन सर्वांत जास्त तापते मे महिन्यात, मग पाऊस तेव्हाच का येत नाही? शिवाय दुष्काळी वर्षात जमीन चांगल्या वर्षापेक्षा अधिक तापलेली असते. ही गोष्ट कुणाही कुणब्याच्या अनुभवातली आहे. मोसमी पाऊस म्हणजे तो ढगांचा पट्टाच ऋतूप्रमाणे उत्तरेला सरकणे, असे त्यांचे म्हणणे होते.

१९९७ साली पॅसिफिक महासागरावर जबरदस्त एल् निनो असूनही देशात पाऊस नेहमीइतका झाला. २००२ मध्ये मात्र तेवढा जोर नसताना जुलै कोरडा गेला. हिंदी महासागराच्या पूर्व आणि पश्चिम भागांपैकी ढग कुठे जमतात, यावरही आपला पाऊस अवलंबून असतो, असे बाईंनी आपल्या सहकाऱ्यांसह २००४ मध्ये मांडले.

आम्हा शेतीखात्यातल्या माणसांना त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. कर्नाटकातील पावगडचे शेतकरी-संशोधक पी. आर. शेषगिरी राव यांना बरोबर घेऊन त्यांनी अनंतपूर भागातील कोरडवाहू भुईमुगाचा अभ्यास केला. पिकाची वाढ संगणकात मांडून, जुन्या वर्षांचा पाऊस त्यावर घालून पाहिला. जूनअखेरच्या पेरणीपेक्षा जुलैच्या मध्यानंतरची पेरणी तिथे कमी जोखमीची ठरली. कारण शेंगा भरण्याच्या वेळी ओल मिळण्याची शक्यता वाढते. आधी शेतकऱ्याला विचारायचे, मग गणित मांडायचे, ही त्यांची पद्धत होती. आमच्या कित्येक शिफारशी नेमक्या उलट्या वाटेने येतात.

अनंतपूरचे हे उत्तर उचलून आपल्या सोयाबीनला लावू नये. जमीन वेगळी, पीक वेगळे, पाऊसही वेगळा. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात उभी पिके पुरात गेली, हे आपण पाहिलेच.

मुलगा सिद्धार्थ यांच्यासह २००६ मध्ये त्यांनी आणखी एक हिशेब मांडला. तीव्र दुष्काळात देशाच्या एकूण उत्पन्नाला २ ते ५ टक्क्यांचा फटका बसतो; पण दुष्काळात जेवढे जाते तेवढे चांगल्या पावसाच्या वर्षी परत मिळत नाही. पाऊस दगा देईल म्हणून कोरडवाहू शेतकरी खत-औषधाला हात आखडता घेतो आणि बरे वर्ष आले तरी त्याचा पुरता फायदा पदरात पडत नाही.

आपल्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदी तहसील किंवा कृषी कार्यालयात विचारून पाहा. पेरणीनंतर पंधरा दिवसांहून मोठी उघडीप किती वर्षांत पडली आणि कोणत्या नक्षत्रात, एवढे घरातली शाळकरी मुलेही मोजून देतील.