जुन्या टर्बो गाडीतून शिट्टी येतेय? लगेच ‘टर्बो गेला’ म्हणू नका

परभणी जिल्ह्यातल्या येलदरी धरणावर पूर्णा नदीचं पाणी टर्बाइन फिरवतं आणि वीज तयार होते. गाडीतला टर्बोही असाच चालतो, फक्त पाण्याच्या जागी इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर असतो. धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त मिळाली की ताकद वाढते.

मराठवाड्याला अशा गाड्या नव्या नाहीत. स्कोडाने २००१ मध्ये औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात केली. पुढे आलेल्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं. आज त्या गाड्या जुन्या झाल्यात आणि आवाज करू लागल्यात.

मग कोणता आवाज काय सांगतो?

पिकअप घेताना ‘फुस्स’ आणि ताकद कमी: बहुतेकदा हवेचा रबरी पाइप चिरलेला किंवा क्लिप सैल. टर्बो ठीक असू शकतो.

अ‍ॅक्सिलरेटर सोडताच फडफड: दाबलेली हवा उलटी फिरते. जादा हवा सोडणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह फाटलाय का, ते आधी बघा.

थंड इंजिनवर टिकटिक, तापल्यावर कमी: एक्झॉस्टच्या जोडावरचं गॅस्केट गळत असण्याची शक्यता.

पत्र्यासारखी खडखड: वेस्टगेटच्या झडपेचा सांधा झिजलेला असू शकतो.

वेगासोबत चढत जाणारा सायरनसारखा आवाज: हा धोक्याचा. बेअरिंग झिजून चाक घराला घासत असू शकतं. सोबत निळा धूर असेल तर तेलही जळतंय. गाडी बंद करा आणि टो करून न्या.

खात्री कशी करायची? इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मेकॅनिकला हवेचा पाइप काढून दांडा हलवून बघायला सांगा. आडवी किंचित हालचाल चालते. पण दांडा आत-बाहेर सरकत असेल किंवा पाती घासल्याच्या खुणा दिसल्या, तर टर्बो उघडावाच लागतो.

इथेच अनेकांचे पैसे वाया जातात. मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणारा हा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो. तेल काळं, घट्ट झालं किंवा त्याची नळी चोंदली की बेअरिंग खराब होतं. ती नळी साफ न करता नवा टर्बो बसवला, तर तोही त्याच कारणाने जातो.

येलदरीसारख्या गावात टर्बोचं काम जाणणारं गॅरेज जवळ असेलच असं नाही. म्हणून आवाज फोनवर रेकॉर्ड करा. तो थंड इंजिनवर येतो की गरम, पिकअप घेताना की सोडताना, हेही लिहून मेकॅनिकला पाठवा. पण सायरनसारखा आवाज असेल तर रेकॉर्डिंगसाठी गाडी पुन्हा पळवू नका. तुटलेल्या पात्याचा तुकडा इंजिनात गेला, तर खर्च टर्बोवर थांबत नाही.