श्रवणवय आठ महिने

सकाळी 9:30. कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्या प्रत्येक मुलाची आधी सहा आवाजांची तपासणी: म, ऊ, आ, ई, श, स. तोंडासमोर कापडाची चौकट धरते, कारण ही मुलं ओठ पाहून बरंच ओळखतात. आवाज ऐकू आला की ठोकळा डब्यात टाकायचा. आज 'स'ला एका मुलाचा ठोकळा हातातच राहिला. यंत्राची बॅटरी बदलली, कॉइलची तार बदलली, तरी तेच. दुपारच्या मॅपिंगला, म्हणजे यंत्राची पातळी जुळवून घ्यायला, त्याचं नाव लावलं.

10:15. अडीच वर्षांची मुलगी. कॉक्लिअर इम्प्लांट सुरू होऊन आठ महिने झालेत. आजी विचारतात, "मॅडम, शेजारची पोर हिच्याच वयाची, घडाघडा बोलते. आमची कधी बोलणार?"

"आजी, हिचे कान आठ महिन्यांचे आहेत."

हे रोज कुणाला तरी सांगावं लागतं, आणि मी ते न कंटाळता सांगते.

मायलेकी भातुकली खेळतात, मी व्हिडिओ घेते. नंतर तो थांबवत थांबवत ऐकायचा. नुसता 'आऽऽ' किती वेळा, आवाजात चढउतार आहे का, आणि मुख्य म्हणजे व्यंजन-स्वर जोडून 'बाबाबा' येतं का? ऐकू येणारी बाळं साधारण दहाव्या महिन्यापर्यंत अशी बडबड करू लागतात. जन्मतः बहिऱ्या बाळांत ती बरीच उशिरा येते. प, ब, म ओठांवर दिसतात. क, ग दिसत नाहीत. म्हणून आज तिच्या तोंडून 'गागा' आलं तेव्हा मी ती जागा तीनदा ऐकली.

12:30. दुसऱ्या एका आईची मुलाखत. दहा प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4 गुण. "हाक मारली की वळतो," त्या म्हणतात. "पाठमोरा असताना? टीव्ही चालू असताना? ताई, कालचंच एखादं उदाहरण सांगा." दार आपटल्यावर वळणं मी मोजत नाही, ती थरथर पायांनाही कळते.

3:00. सकाळच्या त्या मुलाचं मॅपिंग. ऑडिओलॉजिस्टनी वरच्या पट्टीच्या इलेक्ट्रोडची पातळी थोडी वाढवली. 'स' म्हटलं. ठोकळा डब्यात!

4:30. 'गागा' म्हणणाऱ्या मुलीचा अहवाल. बोलणं इतरांना किती कळतं याची श्रेणी 1 ते 5 असते, आणि शब्द फुटेपर्यंत मूल 1वरच दिसतं. एवढाच आकडा घरी गेला तर माणसं खचतात, गाडीभाडं वाचवून येणंच बंद करतात. म्हणून त्याखाली मी सविस्तर लिहिते: बडबड सुरू, 'ग' ऐकून आलेला, पुढची तपासणी तीन महिन्यांनी, यंत्र जागेपणी पूर्ण वेळ कानावर हवं.